केशवाहिन्यांतील पाण्याचा हिशेब

डेंग्यूच्या रुग्णाचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र खऱ्या काळजीचा काळ तेव्हाच सुरू झालेला असतो. ताप ओसरण्याच्या सुमारास काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जाऊ लागते. कोठे जखम नसते, रक्त सांडलेले दिसत नाही, तरी रक्ताभिसरणातील द्रव घटत जातो, नाडी क्षीण होते आणि वेळीच ध्यानात न आल्यास रुग्ण दगावतो. हे पाणी शरीराबाहेर गेलेले नसते. ते फुफ्फुसांभोवती, पोटाच्या पोकळीत आणि पेशींमधल्या फटींत साठलेले असते.

ही गळती जेथे होते त्या केशवाहिन्या निरोगी माणसातही अहोरात्र झिरपतच असतात. झिरपणे हा त्यांचा दोष नसून त्यांचे काम आहे. बाहेर गेलेले पाणी त्याच वेगाने परत येत राहते, एवढ्या एका गोष्टीवर शरीराचा तोल टिकून असतो. पाय सुजणे, पोटात पाणी होणे, फुफ्फुसांत पाणी भरणे, हत्तीपाय या वरवर निरनिराळ्या दिसणाऱ्या तक्रारी म्हणजे या एकाच हिशेबातील निरनिराळ्या चुका होत. हिशेबाची कोणती बाजू बिघडली यावर उपचार अवलंबून असतो. त्यामुळेच एका रुग्णाला तारणारी सलाईनची बाटली दुसऱ्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

न दिसणारा दुवा

रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयातच येते, हे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये सिद्ध केले. परंतु रोहिण्यांतले रक्त नीलांमध्ये नेमके कोणत्या वाटेने जाते, हे त्याला दाखवता आले नाही. तेवढे सूक्ष्म पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. हार्वेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली हा दुवा पाहिला. त्याच केशवाहिन्या.

नाव केसावरून पडले असले तरी केस त्यांच्यापुढे जाडजूडच म्हणावा लागेल. केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी. तांबडी रक्तपेशी स्वतः ७ ते ८ मायक्रोमीटरची असल्याने अनेक ठिकाणी तिला अंग आक्रसून, दुमडून पुढे सरकावे लागते. भिंत तर केवळ एका पेशीच्या जाडीची. साऱ्या शरीरातील केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी एक लाख किलोमीटर भरेल, असे वाक्य अनेक पुस्तकांत आढळते. त्याचे मूळ डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्या अंदाजात आहे. केशवाहिन्यांतील रक्तप्रवाहाच्या नियमनावरील संशोधनासाठी क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले, पण या गणितासाठी त्यांनी गृहीत धरलेला माणूस पहिलवानालाही लाजवील असा, ५० किलो स्नायूंचा होता. अलीकडच्या मोजणीनुसार ही लांबी ९ हजार ते १९ हजार किलोमीटर इतकी भरते. अर्थात तीही थोडी नव्हे.

प्राणवायू, कर्बवायू आणि साखर यांसारखे लहान रेणू या पातळ भिंतीतून विसरणाने, म्हणजे जास्त असलेल्या ठिकाणाहून कमी असलेल्या ठिकाणी, सहज ये-जा करतात. पाण्याच्या एकूण हालचालीचा नियम मात्र निराळा आहे.

कुत्र्याचा पाय आणि स्टार्लिंगचा नियम

हृदय रक्त ढकलते तेव्हा त्या दाबाचा काही भाग केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. भिंत पातळ आणि सच्छिद्र, आत दाब. तेव्हा पाणी बाहेर पडणारच. मग सारेच रक्त हां हां म्हणता आटून का जात नाही, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर लंडनमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये दिले. त्यांनी कुत्र्याच्या मागच्या पायातील ऊतींमध्ये मिठाचे पाणी भरले आणि त्या पायातून रक्त फिरवले. ते पाणी रक्तात शोषले गेले. मिठाच्या पाण्याऐवजी प्रथिनयुक्त रक्तद्रव भरला तेव्हा तो जागच्या जागी राहिला. दोहोंमध्ये क्षार जवळजवळ सारखेच होते, फरक होता तो प्रथिनांचा. प्रथिनांचे रेणू मोठे असल्यामुळे ते भिंतीतून सहजी पार होत नाहीत आणि जेथे ते अधिक असतात तेथे पाणी ओढले जाते. रक्तात प्रथिने भरपूर, बाहेरच्या द्रवात कमी. म्हणून रक्त पाण्याला धरून ठेवते. प्रथिनांमुळे निर्माण होणाऱ्या या ओढीला परासरण दाब म्हणतात. त्यातील सर्वांत मोठा वाटा यकृतात तयार होणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा असतो.

बाहेर ढकलणारा रक्ताचा दाब आणि आत धरून ठेवणारी प्रथिनांची ओढ, या दोहोंच्या वजाबाकीवर पाण्याचा प्रवाह ठरतो. स्टार्लिंग यांचा नियम तो हाच. पुढे विल्यम बेलिस यांच्यासह सिक्रेटिनचा शोध लावणारे आणि ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ करणारे स्टार्लिंग तेच.

नियम सांगणे एक आणि दाब मोजणे दुसरे. केसाहून कितीतरी बारीक नळीतला दाब मोजायचा कसा? अमेरिकेतील यूजीन लँडिस यांनी, तेही वैद्यकाचे विद्यार्थी असताना, १९२० च्या दशकात काचेची अतिसूक्ष्म टोकाची नळी बेडकाच्या एकेका केशवाहिनीत खुपसून हे साधले. पुढे १९३० मध्ये त्यांनी माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांतील दाब मोजला. रक्तदाब मोजण्याच्या परिचित परिमाणात, म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, तो रोहिणीकडील टोकाला सरासरी ३२, मध्यावर २० आणि नीलेकडील टोकाला १२ भरला. प्रथिनांची ओढ साधारणतः २५ ते २८ असते. दंडावर पट्टा बांधून मोजलेला १२०-८० चा दाब केशवाहिनीत पोहोचेपर्यंत एवढा खाली का येतो, तर वाटेतल्या बारीक रोहिण्या आकुंचित राहून तो रोखून धरतात म्हणून. या बारीक रोहिण्या केशवाहिन्यांच्या द्वारपाल होत. त्या सैलावल्या की काय होते, ते पुढे येईलच.

पाठ्यपुस्तकातले अर्धसत्य

३२, २० आणि १२ या आकड्यांवरून एक सुबक चित्र उभे राहिले. केशवाहिनीच्या आरंभी दाब जास्त म्हणून पाणी बाहेर पडते, शेवटी प्रथिनांची ओढ वरचढ म्हणून बहुतेक पाणी पुन्हा आत येते आणि उरलेले थोडेसे लसीकावाहिन्या वाहून नेतात. कित्येक पिढ्यांनी हे चित्र पाठ केले, परीक्षेत काढले आणि त्यावर गुण मिळवले. ते आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स मिशेल आणि त्यांच्या सहकारी फिलिप्स यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बेडकाच्या एकेका केशवाहिनीतील दाब एकदम खाली आणला. पाणी आत शोषले जाऊ लागले, पण अल्पकाळच. काही मिनिटांत शोषण थांबले. याचा उलगडा केशवाहिनीच्या आतल्या अस्तरात आहे. भिंतीच्या पेशींवर आतून साखर आणि प्रथिने यांच्या संयुगांचा बुळबुळीत, जाळीदार थर असतो. ग्लायकोकॅलिक्स हे त्याचे नाव. प्रथिनांना अडवणारी खरी चाळण ही आहे. प्रथिनांची ओढ या थराच्या आतल्या आणि लगतच्या बाहेरच्या बाजूतील फरकावर ठरते, दूरच्या ऊतींतील प्रथिनांवर नव्हे. पाणी बाहेर पडत असताना थराखालची जागा धुतली जाऊन प्रथिनरहित राहते. प्रवाह उलटू लागताच प्रथिने तेथे साचतात आणि ओढ मावळते. रॉडनी लेव्हिक आणि मिशेल यांनी २०१० मध्ये या सर्व पुराव्यांची फेरमांडणी केली. तिचा निष्कर्ष असा, की बहुतेक अवयवांत केशवाहिन्या आरंभापासून शेवटपर्यंत थोडे थोडे पाणी बाहेरच सोडत असतात आणि ते परत आणण्याचे काम जवळजवळ संपूर्णपणे लसीकावाहिन्या करतात. आतड्याचे अस्तर आणि मूत्रपिंडातील काही केशवाहिन्या हे अपवाद. तेथे पाणी शोषून घेणे हाच दिनक्रम असतो.

लसीकासंस्थेचे महत्त्व यामुळे एकदम वाढले. नव्या हिशेबानुसार दिवसाला सुमारे ८ लिटर पाणी या वाटेने परतते. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तद्रव असतो अवघा ३ लिटरच्या आसपास. याचा अर्थ, रक्तातले सारे पाणी दिवसातून दोनदा-तीनदा बाहेर फेरफटका मारून येते.

तात्पुरते शोषण होते, हा भागही व्यवहारात महत्त्वाचा आहे. अपघातात रक्तस्राव झाला की बारीक रोहिण्या आवळल्या जातात, केशवाहिन्यांतील दाब पडतो आणि पहिल्या अर्ध्या तासात सुमारे अर्धा लिटर पाणी ऊतींतून रक्तात ओढले जाते. शरीराने स्वतःच स्वतःला लावलेली ही जणू सलाईन. पण या पाण्याने रक्त पातळ होण्यास काही वेळ लागतो. म्हणूनच अपघातानंतर लगेच तपासलेले हिमोग्लोबिन चांगले दिसले, तरी रक्त फारसे गेलेले नाही असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. काही तासांनंतरची तपासणी वेगळेच चित्र दाखवू शकते.

भिंत गळू लागते तेव्हा

डेंग्यूत दाब वाढलेला नसतो, प्रथिनांची निर्मितीही बंद पडलेली नसते. बिघडते ती चाळण. डेंग्यूच्या चाचणीत शोधले जाणारे ‘एनएस-१’ हे विषाणूचे प्रथिन केवळ रोगाची खूण नसून ते स्वतःच केशवाहिन्यांच्या पेशींना आणि आतल्या अस्तराला इजा करते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. शरीराच्या प्रतिकारशक्तीची उसळलेली प्रतिक्रिया त्यात भर घालते. चाळणीची भोके मोठी झाली की पाण्याबरोबर अल्ब्युमिनही निसटते. रक्तपेशी मात्र आतच राहतात आणि रक्त दाट होत जाते.

या दाटपणाची मोजणी म्हणजे हिमॅटोक्रिट. रक्तात पेशींचे प्रमाण शेकडा किती, हे तो आकडा सांगतो. समजा, रुग्णाचा हिमॅटोक्रिट ४० होता आणि तो ४८ झाला, तर ही २० टक्के वाढ असून रक्तद्रव मोठ्या प्रमाणात गळत असल्याची ती खूण आहे. दुर्दैवाने रुग्णालयाच्या व्हरांड्यात या आकड्याची चौकशी क्वचितच होते. ‘प्लेटलेट किती?’ हाच प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. प्लेटलेट झपाट्याने घटणे हा इशारा आहे यात शंका नाही, परंतु डेंग्यूत मृत्यू ओढवतो तो बहुतेकदा गळतीमुळे येणाऱ्या शॉकने. रक्तस्राव नसताना केवळ आकडा खाली आला म्हणून प्लेटलेट चढवण्याचा उपयोग सिंगापूर व मलेशियातील प्रौढ रुग्णांवर तपासण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रक्तस्राव टळण्याच्या दृष्टीने फायदा आढळला नाही, दुष्परिणाम मात्र अधिक दिसले. पावसाळा सरता सरता प्लेटलेटच्या पिशवीसाठी शहरभर धावणाऱ्या नातेवाइकांना हे सांगण्यास कोणाला फारशी सवड नसते.

गळतीचा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो आणि तो बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरताना येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात धोक्याच्या खुणा नमूद आहेत. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, सुस्ती वा अस्वस्थता, यकृत वाढणे, पोटात वा छातीत पाणी साठणे आणि प्लेटलेट घसरत असतानाच हिमॅटोक्रिट चढणे. घरी पाहता येण्याजोगी एक साधी गोष्ट म्हणजे लघवी. सहा तास लघवी झाली नाही तर थांबून राहू नये. रक्तदाबाच्या आकड्यांतही फसगत होते. वरचा आकडा १०० म्हणजे ठीक, असे वाटते. पण तो १००-८० असा असेल तर दोहोंतील अंतर केवळ २० उरले आहे आणि रुग्ण शॉकच्या उंबरठ्यावर आहे.

उपचार म्हणजे गळतीइतका द्रव मोजून देणे. त्यासाठी महागडा द्रव लागतोच असे नाही. व्हिएतनाममधील हो चि मिन्ह शहरात डेंग्यू शॉकच्या मुलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मध्यम तीव्रतेच्या शॉकमध्ये साधे रिंगर लॅक्टेट हे महाग द्रवांइतकेच उपयुक्त ठरले. अवघड आहे ते प्रमाण आणि थांबण्याची वेळ. दोन दिवसांनी चाळण सावरते आणि बाहेर साचलेले पाणी आपोआप रक्तात परतू लागते. त्या वेळीही बाटल्या चालूच राहिल्या, तर जो रुग्ण पाण्यावाचून शॉकमध्ये जाणार होता, तोच आता पाण्यामुळे गुदमरतो. द्रव सुरू करणे सर्वांना ठाऊक असते, तो तासातासाला कमी करत नेऊन वेळेवर बंद करण्यात डॉक्टरांची खरी कसोटी लागते.

दाब वाढतो तेव्हा

माणूस स्थिर उभा राहिला की हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्तस्तंभाचे वजन पावलावर येते आणि तेथील नीलांमधला दाब ९० मिलिमीटरच्या घरात जातो. चालू लागताच पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि दाब निम्म्याहून कमी होतो. दिवसभर एका जागी उभे राहणारे वाहतूक पोलीस किंवा तासन्‌तास पाय खाली सोडून बसलेले प्रवासी यांच्या पावलांवर संध्याकाळी मोज्यांचे वळ उमटतात ते यामुळे.

उच्च रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. हे औषध बारीक रोहिण्या सैल करते. मघाचे द्वारपाल बाजूला झाले, पण पलीकडच्या नीला तेवढ्या सैलावत नाहीत. परिणामी दंडावरचा रक्तदाब उतरतो आणि घोट्यातील केशवाहिन्यांतला दाब मात्र चढतो. घोटे सुजतात. शरीरात पाणी जास्त झालेले नसते, त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज फारशी हटत नाही. मात्रा कमी करणे किंवा नीलांनाही सैल करणाऱ्या दुसऱ्या गटातील औषधाची जोड देणे हे उपाय डॉक्टरांकडे असतात. सूज आली म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणे मात्र सुजेपेक्षा महागात पडते.

फुफ्फुसांतील केशवाहिन्यांत दाब मुळातच कमी, १० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली असतो. प्रथिनांची ओढ त्याच्या दुपटीहून अधिक असल्याने वायुकोश कोरडे राहतात. हृदयाची डावी बाजू दुबळी झाली की रक्त मागे तुंबते. दाब २५ च्या पुढे जाऊ लागला की वायुकोशांत पाणी उतरू लागते. आडवे होताच दम लागणे, उशा रचून बसावे लागणे, गुलाबी फेस पडणे ही त्याची लक्षणे.

कोकणात हीच अवस्था विंचवाने आणली. लाल विंचवाच्या विषाने शरीरातील ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार येतो आणि धडधाकट माणसाच्या, बरेचदा लहान मुलाच्या, फुफ्फुसांत काही तासांत पाणी भरते. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाटेशेजारी बसून केलेली ही निरीक्षणे १९८२ पासून ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागली. उच्च रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार उतरवते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी शंभरातील तीसच्या आसपास असलेले मृत्यू एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. रक्तवाहिन्या सैल करण्याचा परिणाम निरनिराळ्या जागी कसा निराळा होतो, हे येथे पाहण्यासारखे आहे. घोट्यात रोहिण्या सैल करण्याने सूज येते आणि विंचूदंशात रक्तवाहिन्या सैल करण्यानेच फुफ्फुसातले पाणी उतरते.

प्रथिने घटतात तेव्हा

मूत्रपिंडाच्या काही विकारांत लघवीवाटे प्रथिने वाहून जातात. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसणे हे त्याचे नेहमीचे पहिले चिन्ह. यकृत निकामी होऊ लागले की अल्ब्युमिन बनणे मंदावते. त्यातच यकृताच्या नीलेतला दाब वाढल्याने पाणी मुख्यतः पोटात साठते.

कुपोषित बालकांच्या सुजेचा उलगडाही पुष्कळ वर्षे केवळ कमी प्रथिनांवरून केला जाई. परंतु उपचार सुरू झाल्यावर रक्तातले अल्ब्युमिन वाढण्याआधीच ही सूज उतरते, असे १९८० मध्ये मायकेल गोल्डन यांनी दाखवल्यापासून हे कारण पुरेसे मानले जात नाही. कारण काही असो, खूण तीच राहते. मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाब द्यायचा; दोन्हीकडे खळगा राहिला तर ते तीव्र कुपोषण समजून मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे. अशा मुलाचे हृदय दुबळे असते. त्याला शिरेतून भराभर पाणी देणे घातक ठरू शकते, म्हणून शॉक नसेल तर तोंडानेच द्रव देण्यावर भर असतो.

अल्ब्युमिन कमी, तर ते बाटलीतून भरावे, हा विचार साहजिक वाटतो. पण मोठ्या आजारात चाळणच फुटलेली असेल तर भरलेले अल्ब्युमिनही निसटते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांतील सुमारे ७ हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अल्ब्युमिन व साधी सलाईन यांच्या मृत्युदरात फरक आढळला नाही. यकृतविकारात पोटातून मोठ्या प्रमाणात पाणी काढताना अल्ब्युमिनचा लाभ निश्चित होतो. इतरत्र ही महाग बाटली आणण्याची चिठ्ठी हाती पडली, तर ती कशासाठी, हे विचारणे रुग्णाच्या नातेवाइकांच्या हक्कात बसते.

‘एक सलाईन लावा’

अशक्तपणा वाटला की दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेण्याची रीत खेडोपाडी आणि शहरांतही रुळली आहे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये असते साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण एका केळ्याइतकी ऊर्जा. मिठाचे रेणू केशवाहिनीची भिंत सहज ओलांडत असल्यामुळे या सलाईनचा बराचसा भाग तासाभरात ऊतींत जाऊन बसतो. ज्याच्या अंगातील पाणी खरोखरच कमी झाले आहे त्याच्या दृष्टीने ती संजीवनी आहे, हे निर्विवाद. धडधाकट तरुणाचे मूत्रपिंड जास्तीचे पाणी बाहेर टाकून मोकळे होते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्धाला मात्र ही ‘ताकदीची बाटली’ थेट अतिदक्षता विभागात पोहोचवू शकते.

तातडीच्या प्रसंगीही भराभर द्रव देणे नेहमी हिताचे असते, ही समजूत २०११ मध्ये जबर हादरली. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथे तीव्र ताप व रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणे असलेल्या ३,१४१ मुलांवर चाचणी झाली. जलद द्रव दिलेल्या मुलांतील पहिल्या ४८ तासांचे मृत्यू शेकडा साडेदहाच्या आसपास होते. तसा द्रव न दिलेल्या मुलांत ते ७.३ होते. जुलाबांनी कोरड्या पडलेल्या मुलांचा या चाचणीत समावेश नव्हता. त्यांना द्रव द्यावाच लागतो. तरीही चांगल्या हेतूने दिलेल्या पाण्याने मुले दगावू शकतात, हे वैद्यकविश्वाला मान्य करावे लागले.

परतीची वाट बंद होते तेव्हा

केशवाहिन्या ठणठणीत, दाब योग्य, प्रथिने पुरेशी. तरीही पाय खांबासारखा होतो, तो लसीकावाहिन्या निकामी झाल्यामुळे. क्युलेक्स डासामार्फत शिरणारे हत्तीरोगाचे जंतू या वाहिन्यांत वर्षानुवर्षे ठाण मांडतात. महाराष्ट्रात नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या विदर्भातील जिल्ह्यांना या रोगाने दीर्घकाळ पिडले आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढलेल्या काही स्त्रियांचा हात सुजतो, त्याचेही कारण हेच.

ही सूज इतरांहून निराळी असते. वाट बंद झाल्याने पाण्याबरोबर प्रथिनेही ऊतींतच अडकतात, कालांतराने तेथे तंतू आणि चरबी वाढते, कातडी जाड व खरखरीत होते. सुरुवातीला बोटाने दाबल्यावर पडणारा खळगा पुढे पडेनासा होतो. लघवीच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही, कारण पाणी जास्त झालेले नसते, त्याला जायला वाट नसते. जंतूंवरील औषधे गावात सर्वांना एकाच वेळी देण्याची मोहीम रोगाचा प्रसार रोखते. तीन औषधे एकत्र देण्याची नवी पद्धत देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत २०१९ मध्ये नागपूरचा समावेश होता. परंतु आधीच सुजलेला पाय या गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. तेथे कामी येते ती रोजची निगा. पाय साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चिरा आणि चिखल्यांवर मलम लावायचे, झोपताना पाय उंचावर ठेवायचा, घोटा फिरवत राहायचा आणि मापाची चप्पल घालायची. बेचक्यांतील जखमांतून जंतुसंसर्ग शिरला की थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो आणि अशा प्रत्येक दुखण्यागणिक उरल्यासुरल्या लसीकावाहिन्याही नष्ट होत जातात. बादलीभर पाणी आणि साबणाची वडी यांनी हे दुखणे पुष्कळ अंशी टाळता येते.